मधात खांब नाही, मग एवढं छप्पर टिकते कसं?

प्रश्न: भाऊ, आमच्या गावात दरसाल कबड्डीचे सामने होतात. मंडप टाकला का मधात खांब येतेच अन् पोरं त्याच्यावर आदळतात, मागच्या साली तर वावधनात टिनंच उडाले. पुतण्यानं मोबाईलवर अमेरिकेतलं सुपरडोम नावाचं स्टेडियम दाखवलं, आत एकही खांब नाही! हे उभं कसं राह्यते, अन् किती मोठं असन?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर: भाऊ, आधी आकार सांगतो. न्यू ऑर्लीन्स शहरातलं हे सुपरडोम 1975 साली सुरू झालं, घुमटाचा व्यास 680 फूट, म्हणजे त्या एका छपराखाली सव्वाआठ एकर वावर झाकून जाईल, आणि उंची 273 फूट. विजापूरचा गोल घुमट बाहेरून साधारण 44 मीटर आहे, हा 207 मीटर!

आता खांबाचं. घुमटाचा भार नुसता खाली येत नाही, तो कडेनं बाहेर रेटतो. विजापूरच्या गोल घुमटात तो रेटा जाड भिंती आणि एकमेकांत गुंतलेल्या कमानी पेलतात. सुपरडोममध्ये ते काम एक पोलादी कडं करतं. बंडीच्या चाकाला धाव चढवताना तुम्ही पाहिलंच असेल, लोहार ती लालभडक तापवतो, चाकावर बसवून पाणी ओततो, चर्र आवाज येतो आणि धाव अशी आवळते की सगळे आरे जागच्या जागी घट्ट बसतात. मला तर आजही घुमट पाहिला की ते चाकच आठवतं. घुमटाच्या बुडाशी तसंच कडं असतं, इंजिनिअर लोक त्याला टेन्शन रिंग म्हणतात, वरच्या लोखंडी फासळ्या बाहेर सरकायला पाहतात आणि हे कडं त्यांना धरून ठेवतं. मग कडेच्या खांबांवर मुख्यतः वजनच उरतं, मधात खांबाचं कामच नाही.

आपल्याकडच्या उन्हाचा विचार केला तर अजून एक गोष्ट, 200 मीटर पोलाद 30 अंशानं तापलं की जवळपास 7 सेंटीमीटर वाढतं, म्हणून एवढं छप्पर खाली पक्कं जखडत नाहीत, थोडं हलायला जागा ठेवतात.

तुमचे टिनं उडाले ते वाऱ्यानं वरून ओढल्यामुळं, खालून वारा शिरला असेल तर अजूनच. 2005 च्या कॅटरिना वादळात सुपरडोमचंही वरचं आवरण फाटलं, आत हजारो माणसं आसऱ्याला होती आणि पाणी गळत होतं, पण पोलादी सांगाडा उभा राहिला आणि 2006 मध्ये तिथं पुन्हा सामने सुरू झाले.

गावात घुमटाची गरज नाही भाऊ. कबड्डीचं मैदान 13 बाय 10 मीटर, त्याच्यावर साठेक फुटाची लोखंडी कैची बसते, खांब सगळे बाहेर. फक्त कैचीचं माप चांगल्या इंजिनिअरकडून काढून घ्या, खांबाचे पाय काँक्रीटमध्ये खोल गाडा आणि टिनाचे हुक पावसाळ्याआधी एकेक हातानं हलवून पाहा, पोरं खाली खेळतात.