वापरलेली परफॉर्मन्स कार विकत घेण्यापूर्वी काय तपासावे?

आपण पाहत असलेली गाडी अकरा वर्षांची, सहा सिलिंडरच्या टर्बो पेट्रोल इंजिनाची आणि मॅन्युअल गिअरची आहे, मीटरवर 58,000 किलोमीटर दिसतात आणि विक्रेत्याच्या मते तिच्यावर एक ओरखडाही नाही. अशा गाडीत काय पाहावे, आणि माहितगार मेकॅनिकला पैसे देऊन तपासणी करून घेणे खरोखर आवश्यक आहे का, असे आपण विचारले आहे. दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो: आवश्यक आहे, आणि तो मेकॅनिक विक्रेत्याने सुचवलेला नसावा. मात्र त्याच्यापर्यंत गाडी नेण्याआधीची चाळणी आपणच लावू शकता. मी आजवर नाकारलेल्या बहुतेक गाड्या याच चाळणीत गळाल्या.

मीटरवरच्या आकड्याला आणि रंगाच्या चकाकीला आपण फार महत्त्व देऊ नये, असे माझे मत आहे. साध्या गाडीत किलोमीटरवरून झीज बऱ्यापैकी ओळखता येते, पण ताकदीच्या गाडीत त्या किलोमीटरांत काय घडले हे अधिक महत्त्वाचे असते. तेल तापू देऊन मगच जोरात चालवलेली आणि वेळेवर तेल बदललेली 1,20,000 किलोमीटरची गाडी मी डोळे झाकून नाही, पण बऱ्याच निश्चिंतपणे घेईन. रोज सकाळी थंड इंजिनावर दामटलेली 40,000 किलोमीटरची गाडी मला नको. शिवाय अकरा वर्षांत केवळ 58,000 किलोमीटर याचा अर्थ ती बराच काळ उभी होती, आणि उभ्या गाडीचे रबरी बुश, होसपाइप, सील आणि टायर वयाने कडक होतातच. त्यामुळे ती कोणत्या काळात चालली आणि कोणत्या काळात उभी राहिली, हे विक्रेत्याला अवश्य विचारावे.

गाडी पाहण्याची वेळ ठरवताना ‘मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका’ असे स्पष्ट सांगावे आणि पोहोचताच बॉनेटवर हात ठेवावा. हा धडा मी स्वतःच्या खर्चाने शिकलो. माझी पहिली टर्बो गाडी मी पाहायला गेलो तेव्हा ती धुऊन, सुरू करून, दारात गुरगुरत उभी होती आणि मला ते अगत्य वाटले. व्यवहार झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ती पहिल्यांदा थंड असताना सुरू केली, तेव्हा पुढच्या बाजूने साखळी खुळखुळल्यासारखा आवाज आला आणि तो चांगला पाऊण मिनिट थांबला नाही. अनेक इंजिनांत टायमिंग चेन (व्हॉल्व्ह योग्य वेळी उघडणारी साखळी) ताणून धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो. रात्रभर उभ्या राहिलेल्या इंजिनात तो दाब तयार होईपर्यंत एखादा सेकंद आवाज होणे खपते. त्यापुढे चाललेला आवाज चेन, टेन्शनर किंवा गाइड झिजल्याची खूण असते. गरम इंजिनात हा आवाज बहुधा ऐकूच येत नाही, त्यामुळे ते अगत्य मला महागात पडले.

इंजिन सुरू होताना सोबतच्या माणसाला मागे सायलेन्सरपाशी उभे करावे. सुरुवातीलाच निळसर धूर निघून विरला, किंवा काही मिनिटे आयडलवर ठेवून ॲक्सलरेटर दाबताच निळा लोट आला, तर व्हॉल्व्हच्या सीलवर संशय घ्यावा. जोर लावताना सतत निळा धूर येत असेल तर पिस्टन रिंग किंवा टर्बो यांच्याकडे पाहावे लागते आणि तो खर्च मोठा असतो. थंड हवेत पांढरी वाफ दिसणे स्वाभाविक आहे, परंतु इंजिन तापल्यावरही ती राहिली आणि तिला गोडसर वास येत असेल, तर कूलंट जळत आहे असे समजावे.

इंजिन तापेपर्यंत कागद पाहावेत. सर्व्हिसच्या पुस्तकातील शिक्क्यांपेक्षा मी बिलांवर विश्वास ठेवतो, कारण बिलात तेलाचा प्रकार, प्रमाण, तारीख आणि त्या वेळचे किलोमीटर असतात व त्यावरून मीटरशी छेडछाड झाली आहे का हेही ताडता येते. त्यानंतर टायर पाहावेत. टायरच्या बाजूवरील कोडाचे शेवटचे चार अंक उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. चार चाकांना तीन वेगवेगळे स्वस्त टायर लावणाऱ्या मालकाने इंजिनात उत्तम तेल घातले असेल, यावर माझा तरी विश्वास बसत नाही.

ट्रॅकवरचा वापर हा गुन्हा नाही. लपवलेला ट्रॅकवापर ही मात्र काळजीची गोष्ट आहे. टायरच्या बाहेरच्या कडा मधल्या भागापेक्षा खूप झिजलेल्या असणे, ब्रेक डिस्कवर निळसर छटा किंवा केसासारख्या बारीक भेगा असणे, कॅलिपरचा रंग उष्णतेने काळवंडलेला असणे, चाकांच्या कमानींच्या आत वितळलेल्या रबराचे गोळे चिकटलेले असणे आणि सीटमागे जादा सुरक्षा-पट्ट्यांसाठी (सीटबेल्टसाठी) पाडलेली भोके बुजवलेली दिसणे, या खुणा एकत्र आढळल्या तर ‘फक्त रविवारी फिरवली’ हे वाक्य विसरावे.

मॅन्युअल गाडीत आणखी एक धोका असतो आणि तो बाहेरून दिसत नाही. वेगात पाचव्या गिअरमधून चौथ्यात येताना हात चुकून दुसरा पडला, तर चाकेच इंजिनाला मर्यादेच्या पलीकडे फिरवतात. इंजिनाचे फेरे मर्यादेत ठेवणारा रेव्ह लिमिटर केवळ इंधन तोडू शकतो, चाकांकडून येणारा हा जोर तो थोपवू शकत नाही. अशा एका चुकीने व्हॉल्व्ह वाकू शकतात किंवा कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगना इजा होऊ शकते, आणि तरीही गाडी काही काळ ठीक चालते. पोर्शेच्या अनेक गाड्यांच्या ईसीयूमध्ये (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकात) अशा ओव्हर-रेव्हची नोंद टप्प्यांनुसार आणि इंजिनाच्या तासांसह राहते. आपल्या मॉडेलमध्ये तशी नोंद मिळते का, हे तपासणाऱ्याला विचारावे.

गाडीच्या संगणकातील नोंदी वाचणारा स्कॅनर लावताना केवळ ‘एकही फॉल्ट नाही’ एवढ्यावर समाधान मानू नये. फॉल्ट नुकतेच पुसले असतील किंवा बॅटरी काढून लावली असेल, तर गाडीच्या स्वयंतपासण्या ‘अपूर्ण’ दिसतात. पाहण्याच्या आदल्या दिवशीच हे घडले असेल तर कारण विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. रिमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या संगणकातील आज्ञा बदलून, ताकद वाढवलेली गाडी विकताना अनेकदा पुन्हा मूळ स्थितीत आणली जाते, पण एअर फिल्टरच्या डब्याचे व इंटरकूलरचे बोल्ट पान्याने घासलेले, पाइपांवरचे क्लिप नवे आणि एक्झॉस्टचा एखादा भाग बाकीच्यापेक्षा फारच कोरा, असे काही दिसतेच. मूळ भाग परत बसवणे सोपे असते. तोवर क्लच आणि पिस्टनने सोसलेला ताण परत घेता येत नाही.

टेस्ट ड्राइव्ह किमान अर्ध्या तासाची असावी. कूलंटचा काटा मध्यावर आला म्हणजे तेल तापले असे नसते, तेलाला त्याहून बराच अधिक वेळ लागतो; तोवर जोर लावू नये आणि मालक स्वतः चालवत असेल तर तो लावतो का, हे गुपचूप पाहावे. माझ्या दृष्टीने तपासणीतला हा सर्वांत बोलका क्षण असतो. इंजिन तापल्यावर मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये साधारण 2,000 आरपीएमवरून पूर्ण ॲक्सलरेटर द्यावा. आरपीएम वाढले पण वेग त्या प्रमाणात वाढला नाही, तर क्लच घसरत आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये जाताना कुरकुर होते का, ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरते का आणि पूर्ण वळवलेल्या स्टिअरिंगवर सावकाश गोल फिरताना मागून ठोके येतात का, हेही पाहावे. परतल्यावर इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करावे आणि ते गरम असतानाही सहज सुरू होते का पाहावे.

रंगाची जाडी मोजणारे यंत्र भाड्याने मिळाले तर उत्तम. कारखान्यातील रंग साधारण 80 ते 150 मायक्रॉनच्या आसपास भरतो, आणि पुटी भरलेल्या जागी आकडा अनेक शेकड्यांत जातो. प्लास्टिकच्या बंपरवर नेहमीचे यंत्र चालत नाही.

हे सर्व पार पडले, तर मेकॅनिककडे लिफ्टवर गाडी चढवून गळती, सस्पेन्शन आणि खालचा सांगाडा पाहून घ्यावा, तसेच कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो) आणि लीक-डाउन (सिलिंडरमध्ये भरलेली हवा किती गळते) या दोन्ही चाचण्या मागाव्यात. सिलिंडरांच्या कॉम्प्रेशनमध्ये दहा टक्क्यांहून अधिक फरक असेल, किंवा एखाद्या सिलिंडरमधून वीस टक्क्यांहून अधिक गळती दिसत असेल, तर मी पुढे जात नाही. तपासणारा त्याच मॉडेलचा जाणकार असावा, कारण प्रत्येक मॉडेलचे दुखणे निराळे असते. ई46 पिढीच्या बीएमडब्ल्यू एम3 मध्ये मागच्या ॲक्सलच्या बैठकीपाशी पत्र्याला भेगा जातात, आणि मझदा आरएक्स-8 च्या रोटरी इंजिनासाठी साधा कॉम्प्रेशन गेज पुरत नाही, त्यासाठी वेगळे यंत्र लागते.

विक्रेता लिफ्टवर नेण्यास किंवा थंड इंजिन दाखवण्यास टाळाटाळ करत असेल, तर भाव उतरवून घेण्याच्या फंदात न पडता दुसरी गाडी शोधावी. तो तयार असेल, तर तपासणीचा खर्च आपण उचलावा आणि अहवालाची एक प्रत त्यालाही द्यावी. त्यातील दुरुस्त्यांच्या अंदाजावर समोरासमोर भाव ठरवणे दोघांनाही सोपे जाते.