क्रायो-ईएम (गोठवलेल्या नमुन्याचे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने फोटो काढून रचना शोधायची पद्धत) स्वयंचलित झालं म्हणजे नमुना टाकला की प्रोटीनची रचना तयार, असं आहे का?

मायक्रोस्कोपपुरतं बोलायचं तर बरंचसं तसंच आहे. त्याच्या आधी आणि नंतर मात्र नाही. मी हेच काम करतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नमुन्याची ग्रिड म्हणजे धातूची गोल जाळी, जेमतेम ३ मिलिमीटरची. तिच्यावर हजारो बारीक भोकं आणि त्यांत बर्फाचा पातळ पापुद्रा. पूर्वी अंधाऱ्या खोलीत रात्रभर बसून एकेक भोक शोधा, फोकस साधा, फोटो काढा. आता सीरियलईएम किंवा ईपीयू हे सॉफ्टवेअर भोकं स्वतः निवडतं. शिवाय स्टेज (ग्रिड धरून ठेवणारा मंच) हलवलं की थरथर थांबेपर्यंत वाट पाहावी लागते, म्हणून दर वेळी स्टेज न हलवता इलेक्ट्रॉनचा झोतच शेजारच्या भोकांवर सरकवतात. त्यामुळे तासाला शेकडो प्रतिमा मिळतात. मी घरी झोपलेला असतो.

घोडं अडतं ते ग्रिड बनवताना. दोन-तीन मायक्रोलिटर थेंब टाकायचा, जास्तीचं पाणी टिपून घ्यायचं आणि ग्रिड झटकन द्रव इथेनमध्ये बुडवायची. द्रव नायट्रोजन जास्त थंड असूनही थेट चालत नाही, कारण तो नमुन्याभोवती उकळतो, वायूचं आवरण तयार होतं आणि पाणी सावकाश गोठून स्फटिक बनतात. आपल्याला हवा असतो काचेसारखा बर्फ. १९८०च्या दशकात ज्याक द्युबोशे यांनी हे जमवलं. २०१७च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे ते एक मानकरी.

बुडवण्याचं काम यंत्र करतं, पण गोठण्याआधीच्या क्षणांत प्रोटीन पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून उलगडतं, नाहीतर सगळे कण एकाच कुशीवर झोपतात. मग बाकीच्या बाजू दिसणार कशा? डिटर्जंट बदला, बफर (प्रोटीन ज्यात असतं ते द्रावण) बदला, पुन्हा करा. माझे कित्येक आठवडे यातच गेलेत. आणि ग्रिड भिकार असली तरी सॉफ्टवेअर तितक्याच उत्साहाने टेराबाइटभर कचरा गोळा करतं!

पुढचा धोका जास्त फसवा आहे. एकेका कणाची प्रतिमा फार अंधुक असते, म्हणून असंख्य प्रतिमा एकमेकींशी जुळवून त्यांची सरासरी काढतात. गोम इथेच आहे. निव्वळ गोंगाटाच्या प्रतिमा घ्या, आइन्स्टाइनच्या फोटोशी जुळवून त्यांची सरासरी काढा, आइन्स्टाइन दिसायला लागतो. क्रायो-ईएमचे शास्त्रज्ञ रिचर्ड हेंडरसन यांनी २०१३ मध्ये याच उदाहरणाने सगळ्यांना सावध केलं होतं. म्हणून कणांचे दोन गट करून दोन्हींच्या रचना वेगवेगळ्या काढतात आणि शेवटी ताडून पाहतात. तरीही नकाशा, म्हणजे प्रोटीनचं त्रिमितीय चित्र, हातात आला की मी आधी रिझोल्यूशनचा (किती बारीक तपशील दिसतो त्याचा) आकडा बघत नाही, हेलिक्सची (प्रोटीनच्या साखळीतल्या स्प्रिंगसारख्या भागांची) वळणं खरोखर दिसतात का ते बघतो.