महामार्गावरील कोंडी, स्वयंचलित वाहने आणि शाखेची निवड

सप्रेम नमस्कार,

बारावी विज्ञान शाखेत शिकणाऱ्या आपल्या मुलीला स्वयंचलित वाहनांच्या मदतीने महामार्गावरील वाहतूक सुरळीत करण्याच्या क्षेत्रात काम करायचे आहे. परंतु चालकाविना धावणाऱ्या गाड्या आपल्याकडे लवकर आल्या नाहीत तर तिचे शिक्षण वाया जाईल का, आणि संगणक घ्यावा की स्थापत्य, असे आपण कोथरूडहून विचारले आहे. माझ्या मते तिने स्थापत्य अभियांत्रिकी घ्यावी आणि गणित व प्रोग्रॅमिंगची जोड कधीही सोडू नये.

या विषयाचा गाभा गाडीत नसून वाहतुकीच्या प्रवाहात आहे, आणि तो अभ्यास स्थापत्य शाखेत मोडतो. जपानमधील संशोधकांनी 2008 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 230 मीटर परिघाच्या वर्तुळाकार मार्गावर 22 मोटारी चालवल्या, तेव्हा अपघात नाही, अडथळा नाही, तरीही थोड्याच वेळात कोंडी झाली. कारण एकाने किंचित वेग कमी केला की मागचा थोडा जास्त ब्रेक दाबतो आणि थांबण्याची ही लाट मागे मागे सरकत जाते. पुढे अ‍ॅरिझोनातील तशाच प्रयोगात वीसेक गाड्यांपैकी एकाच गाडीचा वेग स्वयंचलित पद्धतीने सांभाळला, तर लाटा बऱ्याच अंशी विरल्या. नोव्हेंबर 2022 मध्ये अमेरिकेतील नॅशव्हिल येथे तर 100 गाड्या खऱ्या महामार्गावर उतरवून ही कल्पना पडताळण्यात आली.

अर्थात, त्या वर्तुळात सर्व गाड्या एकामागोमाग एकाच रांगेत होत्या. आपल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बोरघाटाच्या चढणीला लागलेला मालाने भरलेला ट्रक दुसऱ्या ट्रकला ओलांडू पाहतो आणि मागच्या मोटारी मिळेल त्या मार्गिकेत घुसतात, तेव्हा परदेशी सूत्रे जशीच्या तशी लागू पडत नाहीत. हे गणित नव्याने मांडणारी माणसे आपल्याला हवी आहेत, आणि बदलती वेगमर्यादा, सिग्नल व टोलनाक्यांचे नियोजन ही कामे चालकरहित गाड्यांची वाट पाहत थांबलेली नाहीत.

पदवीनंतर गेट ही प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटी मुंबईसारख्या संस्थेत वाहतूक अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण घेता येते. भोसरीची केंद्रीय रस्ते परिवहन संस्था आणि वाहनचाचणी करणारी एआरएआय ही संशोधन संस्था पुण्यातच असल्याने प्रकल्पासाठी तेथे विचारणा अवश्य करावी. कॅमेऱ्याने रस्ता ओळखणे, गाडीने स्वतः निर्णय घेणे यातच तिचे मन रमत असेल, तर मात्र संगणक शाखा योग्य ठरेल.

हे ठरवण्यासाठी सुट्टीत तिला ‘सुमो’ ही विनामूल्य वाहतूक-प्रतिरूपण प्रणाली वापरू द्या. तीन मार्गिकांचा चढाचा रस्ता मांडून त्यात संथ ट्रकांचे प्रमाण वाढवत न्यावे आणि कोंडी नेमकी कोठे सुरू होते ते तिने पाहावे. त्यानंतरच प्रवेशप्रक्रियेचा पसंतीक्रम भरावा.