भाव कळला, पण टेम्पो वळला का?

सप्रेम आशीर्वाद.

शेतकऱ्यांना टोमॅटोच्या भावाचे रोजचे मेसेज पाठवायची सेवा सुरू करायची, असं तू लिहिलंस, आणि आधार म्हणून केरळच्या मच्छीमारांच्या मोबाइल वापरावरचा रॉबर्ट जेन्सन यांचा 2007 चा शोधनिबंध जोडलास. निबंध उत्तम निवडलास. पण वाचताना तुझं सगळं लक्ष मोबाइलवर गेलं आणि होडी वाचायची राहून गेली.

त्या निबंधातली एक सकाळ पुन्हा बघ. 14 जानेवारी 1997, मंगळवार. बडगरा किनाऱ्यावर 11 मच्छीमारांनी गिऱ्हाईक नाही म्हणून मासळी फेकून दिली. त्याच वेळी 15 किलोमीटरच्या आत दुसऱ्या किनाऱ्यांवर 27 खरेदीदार मासळीविना रिकाम्या हाती परतायच्या बेतात होते. मासळी होती, गिऱ्हाईकही होतं, पण गाठ पडली नाही. तारली (सार्डिन मासळी) टिकत नाही, साठवायची सोय नाही, आणि किनाऱ्यावरचा बाजार पहाटे 5 ते 8 एवढाच. एकदा होडी लागली की दुसरा किनारा गाठेपर्यंत तिथला बाजार उठलेला. त्यामुळे जवळपास सगळे आपापल्या किनाऱ्यावरच विकत.

मोबाइल आले ते टप्प्याटप्प्याने: कोळिकोडला 1997 मध्ये, कण्णूरला 1998 मध्ये, कासरगोडला 2000 मध्ये. टॉवर किनाऱ्यालगत असल्याने रेंज समुद्रात 20-25 किलोमीटरपर्यंत जाई. मासळी जाळ्यात असतानाच नाखवा दोन-तीन किनाऱ्यांना फोन लावायचा आणि सुकाणू वळवायचा. 30 ते 40 टक्के होड्या दुसऱ्या किनाऱ्यावर विकू लागल्या. आधी रोजच्या मासळीतली 5 ते 8 टक्के वाया जायची, ती नासाडी जवळजवळ थांबली. मच्छीमारांचा नफा सरासरी 8 टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी 4 टक्क्यांनी स्वस्त मिळाली.

हे टप्पे नीट समजून घे, कारण निबंधाचा भरवसा त्यांच्यावर आहे. कोळिकोडचे भाव एकसारखे झाले तेव्हा फोन नसलेल्या कासरगोडात चढउतार तसेच चालू होते. हंगाम बदलला किंवा डिझेल महागलं म्हणून हे घडलं असतं, तर तिन्ही जिल्ह्यांत एकदम दिसलं असतं. कुठलाही निबंध हातात घेतलास की आधी हेच शोध: ज्यांना सोय मिळाली नाही ते कोण होते, आणि ती कुणाला मिळावी हे कुणी ठरवलं?

आता आपल्याकडे ये. 2012 मध्ये वर्ल्ड बँक इकॉनॉमिक रिव्ह्यू या नियतकालिकात छापलेल्या अभ्यासात मध्य महाराष्ट्रातली 100 गावं होती, आणि पिकांत टोमॅटो, कांदा, डाळिंबही होती. काही शेतकऱ्यांना रॉयटर्स या वृत्तसंस्थेची सशुल्क सेवा वर्षभर फुकट दिली. भाव आणि हवामान रोज मोबाइलवर येई. सेवा मिळालेल्या शेतकऱ्यांच्या पदरात पडलेल्या भावात सरासरी म्हणावा असा फरक पडला नाही. तुझ्या योजनेला हा निबंध जास्त जवळचा आहे आणि नेमका तोच तुझ्या पत्रात नाही.

माझ्या मते कारण टेम्पोत सापडतं. होडी नाखव्याच्या हातात असते. टेम्पो बहुतेक वेळा चार-पाच जणांच्या मालाचा मिळून असतो आणि तो कुठल्या बाजार समितीत जाणार हे आदल्या दिवशी ठरलेलं असतं. तोडणी झालेली, क्रेट भरलेले, आडत्याकडून, म्हणजे माल विकून देणाऱ्या दलालाकडून, हंगामाच्या सुरुवातीला उचल घेतलेली. अशा शेतकऱ्याला दुसऱ्या बाजारातला भाव कळला तरी त्याला करता येण्यासारखं फारसं उरत नाही.

हिशोब मांडून बघ. समज, 100 क्रेट आहेत, एकेक 20 किलोचा. जवळच्या बाजारात क्रेटला 300, लांबच्या बाजारात 340. वरवर 4000 रुपयांचा फायदा. जादा भाडं 2200 धर. लांबच्या वाटेत 4 क्रेट दबून गेले, म्हणजे 1360 गेले. उरले 440. मेसेजातला भाव कालचा होता आणि आज तिथे आवक वाढून 335 निघाला, तर उरलेल्या 96 क्रेटवर आणखी 480 गेले आणि शेतकरी 40 रुपयांनी तोट्यात आला. अनोळखी व्यापाऱ्याकडे पैसे अडकण्याची भीती यात धरलेलीच नाही.

मध्य प्रदेशातल्या सोयाबीनचा अनुभव मात्र वेगळा आहे. आयटीसी कंपनीने 2000 पासून ई-चौपाल, म्हणजे गावोगावी इंटरनेटवर भाव दाखवणारी केंद्रं, सुरू केल्यावर तिथल्या मंड्यांतले भाव साधारण 1 ते 3 टक्क्यांनी वर गेल्याचं अपराजिता गोयल यांनी 2010 मध्ये दाखवलं. तिथे भावाच्या बातमीबरोबर माल घ्यायला तयार असलेला नवा खरेदीदारही आला होता, आणि सोयाबीन दोन दिवस थांबू शकतं.

म्हणून ॲपवर पैसे घालण्याआधी आठ आठवडे एक वही ठेव. दोन किंवा तीन बाजार समित्या निवड. भाव फलकावरचा घेऊ नकोस. फलकावर कमाल, किमान आणि सरासरी असते, आणि मालाची प्रत त्यात हरवते. शेतकऱ्याच्या हातातली पट्टी, म्हणजे आडत्याने दिलेली विक्रीची पावती, माग. एकूण रक्कम, हमाली, तोलाई, भाडं, कापलेली उचल आणि पैसे मिळाल्याची तारीख, हे सगळं वेगवेगळ्या रकान्यांत उतरव. फळं-भाजीपाल्याची आडत, म्हणजे आडत्याचं कमिशन, 2016 पासून खरेदीदाराने द्यायची आहे, तरी पट्टीवर दुसऱ्या कुठल्या नावाने ती कापली नाही ना, तेही बघ. तुलना एकाच दिवसाच्या, एकाच प्रतीच्या मालाची कर, नाहीतर प्रतीतला फरक तुला बाजारातला फरक वाटेल.

शेवटचा रकाना सगळ्यात कष्टाचा आहे. खर्च वजा जाऊनही लांबच्या बाजारात जास्त मिळालं असतं, असे दिवस वेगळे काढ. त्या प्रत्येक दिवशी शेतकऱ्याला विचार, टेम्पो का वळवला नाही? उत्तर त्याच्याच शब्दांत लिही. ‘माहीत नव्हतं’ हे उत्तर किती वेळा येतं आणि ‘उचल घेतलीय’ किंवा ‘गाडी ठरली होती’ किती वेळा, ते मोज. पहिलं जास्त आलं तर तुझी सेवा चालेल. दुसरं जास्त आलं तर मेसेजाऐवजी गाड्या एकत्र भरण्याच्या किंवा उचलीच्या प्रश्नाला हात घालावा लागेल.

पहिल्या दोन आठवड्यांची पानं भरली की फोटो काढून पाठव. खाडाखोड असली तरी चालेल, पट्ट्यांचे फोटो मात्र सोबत हवेत.

कळावे,
तुझे सर