घेरदार व्हिंटेज ड्रेस घालून एडिनबराच्या हिवाळ्यात पाय उबदार कसे ठेवायचे?

तुम्ही लिहिलंय की यंदा शिकायला एडिनबरात आला आहात, १९५० च्या धर्तीचे घेरदार ड्रेस रोज घालता, ८० डेनिअरचे काळे टाइट्स घालूनही बसस्टॉपवर मांड्या बधिर होतात, आणि आतून फ्लीसचं लेगिंग घातलं की ड्रेसची सगळी शोभा जाते. ड्रेस सोडायचे नाहीत हेही लिहिलंय. सोडायची काही गरज नाही.

तुमचा सगळा भर टाइट्सवर आहे आणि गडबड तिथेच होतेय. गारठा येतोय तो घेराखालून. हिशेब करून बघा: कंबर ७६ सेंमी आणि स्कर्टची उंची ६८ सेंमी धरली तर पूर्ण गोल स्कर्टचा खालचा घेर जवळजवळ ५ मीटर भरतो. चालताना हा घेर लोहाराच्या भात्यासारखा काम करतो. पाऊल पुढे टाकलं की बाहेरची गार हवा आत ओढली जाते, मागे आलं की अंगाजवळ तापलेली हवा बाहेर फेकली जाते. एडिनबरात जानेवारीत दुपारचं तापमान साधारण ७ अंशांच्या आसपास असतं. एवढी थंडी सोसण्यासारखी असते, पण तिथला वारा अंगाजवळची हवा टिकू देत नाही. म्हणून आधी हा भाता बंद करायचा, टाइट्सचं नंतर बघू.

भाता बंद करायला लागतो परकर, तोही फलालीनचा, म्हणजे मऊ लोकरी कापडाचा. थंड देशांतल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच केलं. अठराव्या शतकात युरोपात आत कापूस-लोकर भरून गोधडीसारखे टाके घातलेले परकर होते, एकोणिसाव्यात फलालीनचे आले. ड्रेसचा घेर फुलवायला आपण जो जाळीचा कॅनकॅन घालतो, त्याने ऊब येत नाही. जाळीतून वारा आरपार जातो. कॅनकॅन घालायचाच असेल तर तो परकराच्या वर घाला. पायालगत टाइट्स, मग निकर, मग फलालीनचा परकर, त्यावर कॅनकॅन आणि सर्वांत वर ड्रेस, असा क्रम ठेवा.

हा परकर शिवून घ्या किंवा स्वतः शिवा, पण मापं नीट घ्या. ड्रेसची कमरेपासून उंची ६८ सेंमी असेल तर परकराची तयार उंची ६० ठेवा. गोल स्कर्ट जिन्यावर आणि वाऱ्यात उचलला जातो, त्यामुळे दोन-तीन सेंमीचा फरक पुरत नाही, परकर खालून डोकावतो. सीट (नितंबांचा घेर) १०० सेंमी असेल तर परकर तिथे १०८ आणि खाली १५० सेंमी धरा. एवढ्या घेरात मोठी टांग टाकता येते आणि तरी तो पायांजवळ राहतो. यापेक्षा घेर वाढवलात तर दुसरा भाता तयार होईल.

वरचे १५ सेंमी योक (कमरेला चापून बसणारा पट्टा) आणि खाली ४५ सेंमीच्या सहा कळ्या (खाली रुंद होत जाणारे तुकडे). प्रत्येक कळी तयार मापात वर १८ आणि खाली २५ सेंमी. कापताना दोन्ही बाजूंना शिवणीसाठी दीड-दीड सेंमी जादा कापड (माया) सोडून ती २१ आणि २८ होते. उंचीत वर दीड सेंमी माया आणि खाली साडेतीन सेंमी हेम धरून कळी ५० सेंमीची कापा. १४० सेंमी पन्ह्याच्या कापडात कळ्या उलटसुलट मांडून दोन ओळींत बसतात, म्हणजे मीटरभर कापड लागतं. फलालीन आटते म्हणून सव्वा मीटर घ्या आणि कापण्याआधी एकदा कोमट पाण्यातून काढून, आडवी पसरून वाळवा. हे केलं नाही तर पहिल्या धुण्यानंतर परकर आखूड होईल आणि शिवणी ओढल्या जातील. कापड लोकरीचं किंवा लोकर-व्हिस्कोज मिश्रणाचं असावं, वजन चौरस मीटरला १५० ते २०० ग्रॅम. त्याहून जाड घेतलंत तर नितंबांवर फुगवटा दिसतो.

योक मात्र फलालीनचा करू नका. १९५० च्या धर्तीच्या ड्रेसचं सगळं सौंदर्य त्या चापून बसलेल्या कमरेत असतं, तिथे जाड थर नको. सुती साटिनचा योक करा, पुढे दोन आणि मागे दोन टक्स घाला, चुण्या अजिबात नकोत. चेन १८ सेंमीची पुरते. ड्रेसची चेन कुठे आहे ते आधी बघा. जुन्या धर्तीच्या बऱ्याच ड्रेसना ती डाव्या कुशीत असते, मग परकराची उजवीकडे लावा. दोन चेन एकावर एक आल्या की तिथे गाठोडं दिसतं.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जी बहुतेकींच्या लक्षात परकर शिवून झाल्यावर येते. फलालीन आणि लोकरीचे टाइट्स एकमेकांना धरून ठेवतात. दहा पावलं चाललं की परकर वर चढत चढत मांड्यांत गोळा होतो. म्हणून आतून व्हिस्कोजचं किंवा क्युप्रोचं (दोन्ही रेशमासारखी गुळगुळीत कापडं) अस्तर लावायचं, त्याच सहा कळ्यांचं, फक्त दोन सेंमी आखूड. अस्तर वरती योकच्या शिवणीत धरा आणि खाली मोकळं सोडा. पॉलिएस्टरचं अस्तर स्वस्त पडतं, पण हीटरच्या कोरड्या हवेत ते नायलॉनवर घासून वीज धरतं आणि सगळं पायांना चिकटतं. हेमही दोनदा दुमडू नका, जाड कड ड्रेसवर उमटते. एकदाच दुमडून हातशिलाईने सैल टाके घाला.

शिवणयंत्र हाताशी नसेल तर निदान एक गोष्ट आजच करता येईल. साडीखालचे परकर बरोबर नेले असतील तर त्यातला एक पॉपलीनचा घ्या आणि खालून कापून ड्रेसपेक्षा आठ सेंमी आखूड करा. पॉपलीनला स्वतःची ऊब फारशी नसते, पण वीण घट्ट असल्याने वारा बराच अडतो. नाडीची गाठ कमरेत टोचते आणि दिसतेही, म्हणून नाडी काढून नेफ्यात चपटं इलॅस्टिक ओवा. भिजला तर मात्र हा परकर लगेच बदला. ओला सुती कपडा अंगाची ऊब ओढून घेतो.

परकर झाला की मांड्या. टाइट्स आणि परकर यांच्यामध्ये गुडघ्याच्या जरा वरपर्यंत येणारी, पातळ मेरिनो लोकरीची निकर घाला. सायकलवाल्यांच्या किंवा थर्मलच्या विभागात ती मिळते. रंग ड्रेसच्या जवळचा घ्या, म्हणजे वाऱ्याने घेर उडाला तरी वेगळी दिसत नाही. मांड्या एकमेकींवर घासून सोलवटतात तो त्रासही हिने थांबतो. माझ्या मते पैसे मोजकेच असतील तर टाइट्सच्या दुसऱ्या जोडीऐवजी आधी ही घ्यावी.

टाइट्सबद्दल एक गैरसमज काढून टाका. डेनिअर हे उबेचं माप नव्हे. ९००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम तितके डेनिअर, एवढाच त्याचा अर्थ. तुमचे ८० डेनिअरचे टाइट्स नायलॉनचे आहेत. ते दाट दिसतात, पण गुळगुळीत धाग्यांत हवा अडकत नाही. लोकरीचा तंतू नागमोडी असतो, म्हणून पातळ लोकरी टाइट्सही अधिक ऊब देतात. शिवाय लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास एक-तृतीयांश ओलावा शोषून घेते आणि तरी ओली लागत नाही. तिथल्या तापवलेल्या वर्गातून बाहेरच्या वाऱ्यात जाताना हाच गुण कामाला येतो. फ्लीसच्या टाइट्समध्ये आत घाम साचतो आणि बाहेर पडल्यावर तोच घाम गार पडतो.

विकत घेताना पुढचं नाव वाचू नका, मागची पट्टी वाचा. पुढे ठळक ‘वूल’ लिहिलेलं असतं आणि मागे लोकर ५ टक्के निघते. निम्म्याहून जास्त मेरिनो, बाकी पॉलिअमाइड (नायलॉन) आणि ३ ते ५ टक्के इलास्टेन (ताणणारा धागा) असेल तर घ्या. इलास्टेन अजिबात नसेल तर दुपारपर्यंत गुडघ्यांना पिशव्या येतात. लोकर टोचते अशी धास्ती असेल तर तंतूची जाडी १९ मायक्रॉनपेक्षा कमी लिहिलेली बघा, तेवढी बारीक लोकर सहसा टोचत नाही. दोन टाइट्स एकावर एक घालणार असाल तर वरचे एक साइज मोठे घ्या. घट्ट बसले तर मधली हवा दाबून निघून जाते आणि दोन थरांचा काही उपयोग राहत नाही.

वरून काळे पारदर्शक आणि आतून त्वचेच्या रंगाचं फ्लीस असे टाइट्स हल्ली सगळीकडे दिसतात. त्यात आपल्याकरता एक अडचण आहे. आतला थर बहुधा फिक्या गोऱ्या रंगाचा असतो, आणि गव्हाळ किंवा सावळ्या मुलीच्या पायावर तो उघड खोटा दिसतो, विशेषतः उन्हात. आतला रंग कॅरॅमल किंवा कॉफी लिहिलेला शोधा आणि पाकिटावरच्या चित्रावर न जाता हाताच्या मागच्या बाजूवर ताणून बघा.

अस्सल जुनी पद्धत हवी असेल तर टाइट्सऐवजी मांडीपर्यंतचे सुटे स्टॉकिंग्ज आणि ते क्लिपांनी धरून ठेवणारा कमरेचा सस्पेंडर बेल्ट, कारण एकसंध टाइट्स बाजारात आले ते १९५९ मध्ये. नायलॉनचे स्टॉकिंग्ज अमेरिकेत मे १९४० मध्ये सर्वत्र विक्रीला आले आणि दोनेक वर्षांत नायलॉन युद्धाकडे, पॅराशूटसाठी वळलं. ब्रिटनमध्ये जून १९४१ पासून मार्च १९४९ पर्यंत कपड्यांचं रेशनिंग होतं, तेव्हा बायका पायांना ग्रेव्हीचा रंग लावून मागे पेन्सिलीने शिवणीची रेघ काढत. ही गोष्ट सगळे सांगतात, पण हिवाळ्यात त्याच बायका जाड सुती आणि लोकरी स्टॉकिंग्ज घालत, हे कुणी सांगत नाही. तेव्हा गडद तपकिरी, बाटलीहिरव्या किंवा करड्या रंगाचे विणीची रेघ असलेले लोकरी स्टॉकिंग्ज तुमच्या ड्रेसवर शोभतातच, आणि त्या काळालाही धरून आहेत. लोकरी स्टॉकिंग्ज जड असतात, म्हणून चार नव्हे, सहा पट्ट्यांचा बेल्ट घ्या. मागच्या पट्ट्यांची लांबी खुर्चीवर बसून ठरवा. उभ्याने ठरवलेली पट्टी बसल्यावर ताणली जाते आणि क्लिप सुटते. निकर पट्ट्यांच्या वरून घाला, म्हणजे स्टॉकिंग आणि बेल्ट यांच्यामधली उघडी मांडी झाकली जाते आणि बाथरूममध्ये बेल्ट सोडावा लागत नाही.

कोटाची उंची ड्रेसपेक्षा दोन-तीन सेंमी जास्त असावी. गुडघ्यापर्यंतचा कोट आणि त्याखालून डोकावणारा घेर यात वारा थेट शिरतो. कोट कंबरेखाली रुंद असेल तर घेर आत मावतो. सरळ कापाचा कोट घेर चुरगाळतो आणि बटणं ओढली जातात.

नवा ड्रेस घ्याल तेव्हा पोटरीच्या मध्यापर्यंत येणारा घ्या. फेब्रुवारी १९४७ मध्ये फ्रेंच फॅशन डिझायनर क्रिस्तियान दिओरने स्कर्ट लांब आणि घेरदार केले, तेव्हापासून दहा वर्षं ही उंची रूढ होती. त्या उंचीला पोटरीपर्यंतचे बूट येऊन भिडतात आणि मधे उघडं काही उरत नाही. आखूड ड्रेसवर घोट्याचे बूट घालणार असाल तर ते अर्धा नंबर मोठे घ्या आणि आत ३-४ मिलिमीटर जाडीचा लोकरी नमद्याचा (फेल्टचा) तळ घाला. बोटं हलायला जागा नसेल तर कितीही लोकर घातली तरी पाय गारच राहतात, कारण रक्त नीट फिरत नाही.

टाइट्स धुताना गार पाणी, लोकरीचा साबण, आणि पिळणं वर्ज्य. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि आडवे वाळवा. रेडिएटरवर टाकलेली लोकर कडक होते. नायलॉनचा धागा सुटून रेघ धावायला लागली तर तिच्या दोन्ही टोकांना बिनरंगी नेलपेंटचा थेंब लावा, रेघ तिथेच थांबते.

एका गोष्टीला जपा. बाहेरून गारठून आल्यावर पाय थेट हीटरला लावू नका आणि कढत पाण्यातही घालू नका. त्या दमट थंडीत एकदम दिलेल्या उबेने बोटांवर लाल-जांभळे, खाजणारे फोड येतात, त्यांना तिथे चिलब्लेन म्हणतात. कोरडे लोकरी मोजे घालून पाय हळूहळू तापू द्या. फोड आलेच तर खाजवू नका. फुटले, पू आला किंवा दोन-तीन आठवड्यांत बरे झाले नाहीत तर डॉक्टरांना दाखवा.

तुमच्या कंबरेचं, सीटचं आणि ड्रेसच्या उंचीचं माप खाली लिहिलंत तर कळ्यांची मापं काढून देते.