ऑफिसातली ‘अलाइन’, ‘सर्कल बॅक’, ‘बँडविड्थ’वाली भाषा ऐकून डोकं उठतं. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की नागपूरच्या मिहानमध्ये, म्हणजे विमानतळाजवळच्या कंपन्यांच्या वसाहतीत, पहिलीच नोकरी लागली, काम आवडतं, पण मीटिंगमधून बाहेर आल्यावर नेमकं काय ठरलं ते सांगता येत नाही. आणि पुढे जायचं असेल तर आपल्यालाही असंच बोलावं लागेल का, असंही विचारलंय. या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर थोडंफार ‘हो’ असं आहे, त्याकडे नंतर येते. आधी चिडीबद्दल.

बरेच जण या चिडीचं खापर इंग्रजीवर फोडतात. मला ते पटत नाही. मी नागपूरजवळच्या बुटीबोरीतल्या एका कारखान्यात डिस्पॅच, म्हणजे माल गाड्यांत भरून रवाना करायचं काम, बघते. आमचं दिवसभराचं बोलणं बाहेरच्या माणसाला ओ की ठो कळणार नाही: बिल्टी झाली का, काटा पावती लाव, पार्ट बी टाक, हॉल्टिंग कोणाच्या खात्यावर. यातले अर्धे शब्द इंग्रजी, तरी कुणाचं डोकं उठत नाही. कारण ‘पार्ट बी टाक’ म्हणजे ई-वे बिलात, म्हणजे माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदात, गाडीचा नंबर भर, यातून दुसरा अर्थ निघतच नाही. नंबर पडला की मुदत सुरू, दर २०० किलोमीटरला एक दिवस. हैदराबाद साधारण ५०० किलोमीटर, म्हणजे तीन दिवस. गाडी मध्येच बंद पडली तर मुदत वाढवून घ्यायची, नाहीतर तपासणीत दंड. असे शब्द काम आवरतात. मॅनेजमेंटची भाषा ऐकल्यावर मात्र आधी जेवढं कळत होतं तेवढंही कळेनासं होतं.

आमच्याकडची एक मीटिंग सांगते. मे महिना. ट्रक तोलायच्या वजनकाट्याचा लोडसेल (वजन मोजणारा भाग) गेलेला, आणि काट्यावर वजन झाल्याशिवाय भरलेली गाडी गेटबाहेर सोडत नाहीत. आत ट्रक अडकलेले, त्यामुळे बाहेरही रांग. ड्रायव्हर गाडीखालच्या सावलीत चादर टाकून पडलेले, क्लीनर पोरं रिकाम्या कॅन घेऊन गेटवरच्या नळाशी हेलपाटे घालतायत. वर एसीत रिव्ह्यू सुरू. पडद्यावर ओळ: ‘आउटबाउंड व्हिजिबिलिटीसाठी लॉजिस्टिक्स पार्टनर्सशी प्रोॲक्टिव्ह एंगेजमेंट’. खाली दुसरी ओळ, पेन पॉइंट्ससाठी क्रॉस-फंक्शनल टीम वगैरे. सगळे माना डोलावतायत. तेवढ्यात आमचे यार्डचे सुपरवायझर, ज्यांना सगळे काका म्हणतात, घाम पुसत आत आले. “सर, काटा बंद आहे. सकाळपासून गाड्या उभ्या आहेत, ड्रायव्हर लोक शिव्या देऊन राहिले. मेकॅनिक कधी येऊन राहिला, तेवढं सांगा ना.”

मेकॅनिक कोणी बोलावलाच नव्हता. काट्याची एएमसी, म्हणजे देखभालीचा वार्षिक करार, मार्चअखेर संपली होती आणि नव्या कराराची फाइल दोन सह्यांसाठी अडली होती. स्लाइड बनवणाऱ्याला हे सगळं ठाऊक होतं. त्यानं खोटं काहीच लिहिलं नव्हतं. फक्त काटा, फाइल आणि सही न करणारा माणूस, हे तिन्ही वाक्यातून उचलून बाहेर ठेवले होते. ताकास तूर लागू द्यायची नसेल तर या भाषेइतकी सोयीची दुसरी भाषा नाही. मला चीड येते ती त्याची. वाक्य संपतं, पण काम कोणाचं आणि कधीपर्यंत, हे त्यात कुठेच नसतं.

गंमत म्हणजे मॅनेजमेंटवाल्यांना हे पूर्वी चांगलं माहीत होतं. अप्रेझलला, म्हणजे कामाच्या मूल्यमापनाला, ‘स्मार्ट गोल्स’ लिहायला लावतात ना, S-M-A-R-T या पाच अक्षरांचे, ते सूत्र जॉर्ज डोरान यांनी १९८१ साली एका मॅनेजमेंट मासिकात मांडलं. त्यातला ‘ए’ त्यांनी ‘असाइनेबल’साठी घेतला होता: काम कोण करणार ते ठरवा. आज कुठल्याही ट्रेनिंगमध्ये जाऊन बसा, ‘ए’ म्हणजे ‘अचीव्हेबल’ असंच बहुतेक ठिकाणी शिकवतात. करणारा गेला, जमण्यासारखं तेवढं उरलं. कोणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, पण सोय कोणाची झाली ते उघड आहे.

आणि मराठीत बोललं की सगळं स्वच्छ होतं, या भ्रमातही राहू नका. ‘सदर बाब तपासून यथोचित कार्यवाही करण्यात येत आहे.’ कोण तपासतंय? कधीपासून? आपल्या नागपुरात तर हिवाळी अधिवेशनात ‘माहिती घेऊन सांगतो’ आणि ‘सकारात्मक विचार करू’ यांचा पाऊस पडतो. फरक एवढाच की तिथे कोणीतरी त्याचा हिशेब ठेवायची सोय करून ठेवली आहे. लोकसभेत १९५३ पासून शासकीय आश्वासनांची समिती आहे. मंत्र्यानं सभागृहात दिलेला शब्द पुढे पाळला गेला का, हे ती बघते. कोणत्या वाक्यांना आश्वासन धरायचं याची चक्क यादी केलेली आहे, आणि ‘विषय विचाराधीन आहे’, ‘मी यात लक्ष घालतो’ अशी गुळमुळीत वाक्यंही त्यात येतात. आपल्या विधिमंडळातही अशी समिती आहे. शब्द सगळे पाळले जातात असं नाही, पण मंत्री मोघम बोलले तरी त्यांच्या नावावर उधारी चढते. कंपनीत ‘सर्कल बॅक करतो’, म्हणजे ‘नंतर बघून सांगतो’, म्हणणाऱ्याच्या नावावर काहीच चढत नाही.

ती समिती तुम्ही व्हा. मीटिंग संपली की तासाभराच्या आत चार ओळींची मेल टाकायची, साध्या भाषेत. काट्याच्या त्या मीटिंगनंतर मी टाकलेली साधारण अशी होती: ‘सर, आज ठरलेलं. एएमसीची फाइल: परचेस, शुक्रवारपर्यंत. तोवर बाहेरच्या धर्मकाट्यावर (पैसे घेऊन वजन करून देणारा काटा) वजन: डिस्पॅच, आजपासून. धर्मकाट्याचे पैसे कोणत्या खात्यातून द्यायचे: ठरलेलं नाही.’ यातली शेवटची ओळ सगळ्यात कामाची. जे ठरलं नाही ते लिहिलं की ज्याचं काम आहे तो आपोआप उत्तर देतो, कारण साहेब वाचतायत हे त्याला माहीत असतं. मेलमध्ये टोमणा मात्र नको. टोमणा दिसला की चर्चा टोमण्यावर होते आणि फाइल तिथेच राहते.

मीटिंग चालू असताना ‘म्हणजे काय?’ असं चारचौघांत विचारू नका. साहेबांना स्वतःलाच अर्थ माहीत नसेल तर तो प्रसंग ते विसरणार नाहीत. त्यापेक्षा “सर, मग हे मी घेऊ की मेंटेनन्सकडे जातंय?” असं विचारा. प्रश्न नम्र आहे, पण त्याचं उत्तर नावाशिवाय देता येत नाही. कोण किती वेळा ‘सिनर्जी’ म्हणालं याचे वहीत ठिपके मारायचे असतील तर मारा. अमेरिकेतल्या ऑफिसांत नव्वदच्या दशकापासून त्याचा बिंगो खेळतात. वही तेवढी बंद ठेवा.

एक गोष्ट या भाषेच्या बाजूनंही सांगते. सगळेच काही लपवायला असं बोलत नाहीत. ‘मी हे करणार नाही’ म्हटलं की तुम्ही उर्मट, ‘जमणार नाही’ म्हटलं की आळशी, आणि ‘या आठवड्यात बँडविड्थ नाही’, म्हणजे हाताला सवड नाही, म्हटलं की कामसू! दोन साहेबांच्या मध्ये सापडलेल्या ज्युनिअरला हा आडोसा लागतो. मीही वापरते, तुम्हीही खुशाल वापरा.

पण हीच भाषा माणसांबद्दल सुरू झाली की कान टवकारा. जुलै २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे एक बडे अधिकारी स्टीफन एलॉप यांनी कर्मचाऱ्यांना एक लांबलचक पत्र पाठवलं होतं. सुरुवात ‘हॅलो देअर’. मग कोणते फोन बनवणार, कोणती टीम कुठे जाणार, दिशा काय, धोरण काय, असं पानभर. आणि बरंच खाली, जाता जाता सांगितल्यासारखं, साधारण साडेबारा हजार लोकांच्या नोकऱ्या जाणार. आमच्याकडे एकदा नोटीस बोर्डावर ‘मॅनपॉवर ऑप्टिमायझेशन’चा कागद लागला. ठेकेदाराच्या लोडिंगवाल्यांपैकी एक जण तो बराच वेळ बघत होता. मला म्हणाला, “मॅडम, याच्यात आपलं नाव आहे का?” नाव त्याचंही नव्हतं आणि कोणाचंच नव्हतं. पुढच्या महिन्यात लोडिंगची एक अख्खी शिफ्ट बंद झाली, तीत तो होता. तुमच्याकडे ‘राइटसायझिंग’, ‘रिस्ट्रक्चरिंग’ असले शब्द फिरायला लागले तर एचआरला लेखी विचारा: कोणता विभाग, कोणत्या तारखेपासून, नोटीस पिरियडचा पगार किती. उत्तर गोलगोल आलं तरी ते उत्तरच असतं. सीव्ही काढून नीट करायला बसा.

आता तुमचा दुसरा प्रश्न. हो, थोडी शिकावी लागेल. अप्रेझलच्या फॉर्मवर रकानेच तसे असतात आणि पुढच्या कंपनीत मुलाखत घेणारा त्याच शब्दांत विचारतो. त्याचा शब्द त्याच्यापाशी राहू द्या, आपण त्याला घडलेली गोष्ट सांगायची. ‘स्टेकहोल्डर मॅनेजमेंटचा’, म्हणजे कामात गुंतलेल्या सगळ्यांना सांभाळून घेण्याचा, ‘अनुभव आहे का?’ असं विचारलं तर मी सरळ सांगते: ट्रान्सपोर्टरला हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी थांबून राहिल्याचे, पैसे हवे होते, अकाउंट्सला त्याचं बिल नको होतं, गेटवर सिक्युरिटी गाडी सोडत नव्हती, आणि माल रात्रीच्या आत निघायचा होता. मग मी कोणाला आधी फोन केला आणि काय कबूल केलं, ते. तुमच्याकडे सहा महिन्यांत असं काहीतरी नक्की घडेल. घडलं की त्याच दिवशी नावं, तारखा, आकडे लिहून ठेवा. मुलाखतीपर्यंत आठवत नाहीत.