पाणी शिलाईतून शिरतं, मित्रा

पाऊस तसा जूनमध्येच सुरू होतो, पण बाइकवर घालायच्या रेनसूटची खरी परीक्षा जुलैत, ठाण्याच्या घोडबंदर रोडवर. गायमुखचा चढ येईपर्यंत स्वस्तातला सूट हमखास दगा देतो, आणि तोही नेमका बैठकीच्या जागी. कापडातून पाणी सहसा येत नाही. ते येतं शिलाईतून. म्हणून विकत घेताना पँट उलटी करून बघ. मधल्या शिलाईवर आतून सलग टेप चिकटवलेली नसेल तर ती परत ठेव, दुकानदार काहीही म्हणो.

रायडिंग जॅकेटच्या आतल्या वॉटरप्रूफ लायनरवर, म्हणजे अस्तरावर, मी तरी विसंबत नाही. अंग कोरडं राहतं, पण बाहेरचं जॅकेट पाणी पिऊन जड होतं आणि ऐरोलीच्या पुलावर वारा लागला की दात वाजतात. जॅकेटवरून चढेल असा एक साइझ मोठा सूट घे.

पँटचे पाय बुटांवरून बाहेर सोड, आत खोचलेस की बुटांची बादली होते. ग्लोव्ह्ज मात्र बाहीच्या आत. आणि हो, उजवा पाय सायलेन्सरपासून जपून. माझ्या पहिल्याच पँटला रुपयाएवढं भोक पडलं होतं.

घरी आल्यावर घडी न घालता सावलीत टांग.